आईचे डोळे, वहिनीचे आकडे

३ मार्च

वहिनी,

आई पोचली. कपडे पोचले, औषधांची पिशवी पोचली आणि त्या पिशवीवर तू चिकटवलेला कागदही पोचला. सकाळी कुठली गोळी, रात्री कुठली, जेवणाआधी कुठली. मी जन्मभर शाळेत गणित शिकवलं, शेवटी मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले. दोन गोळ्यांतला फरक मला कळतो. कागद फाडून टाकला.

फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तू समजुतीनं बोलतेस, मग माझा पारा चढतो आणि शेजारी बसलेली आई तुझी बाजू घेते. कागदावर निदान माझं वाक्य मला पुरं करता येतं.

आता मुद्द्याचं. आई माझ्याकडे पाहुणी म्हणून आलेली नाही. दादा गेला तेव्हा ती तुझ्याकडेच राहिली. मी गप्प बसले, कारण मला नोकरी होती. आता नोकरी नाही, घरात मी आणि चार भिंती. पोटची मुलगी असताना आई सुनेकडे का राहते, असं लोक विचारतात. खरं सांगायचं तर लोक काही विचारत नाहीत. मीच विचारते आहे.

पण आल्या दिवसापासून तिचं एकच पालुपद. "मे महिन्यात माझी तपासणी आहे हं. तोवर मला तिकडे सोड."

मी म्हटलं, डोळे आमच्या गावातही तपासतात. तर म्हणे, "ते चष्म्याचं दुकान गं. तिथे माझे डोळे बघतात. तिकडे माझ्या डोळ्यांवरून शिकतात."

हे वाक्य तिचं नाही. तू शिकवलेलं आहेस.

परवा शेजारीण आली होती. आई तिला सांगत होती, "म्हातारपणी डोळ्याच्या पडद्याचं काय होतं, त्यावर माझी सून संशोधन करते. मोठमोठी माणसं ऐकायला बसतात तिचं. आणि त्या सगळ्यात पहिली तपासणी माझी." शेजारणीचे डोळे हे एवढे झाले. पोटची मुलगी चहाचे कप घेऊन दारात उभी होती. तिच्याबद्दल बोलण्यासारखं काही निघालं नाही.

तुझी नणंद

---

११ मार्च

प्रिय भिंगरी,

रागावू नकोस. कॉलेजात सगळे तुला भिंगरीच म्हणायचे आणि मला अजून दुसरं काही जमत नाही. कागद फाडलास ते ठीक झालं. फक्त छोटी पांढरी गोळी रिकाम्या पोटी देऊ नकोस.

मे महिन्याचं मी आईंना शिकवलेलं नाही, पण त्यात माझा स्वार्थ आहे, आणि तो तुला स्पष्ट सांगते. जूनअखेर मी निवृत्त होते आहे. जुलैत मोठी परिषद आहे. तिथे मला आयुष्यभराच्या कामावर बोलायचं आहे आणि त्याआधी आईंची शेवटची नोंद मला हवी आहे.

तू कधी विचारलं नाहीस, तरी सांगते. डोळ्याच्या मागच्या पडद्यात दोन तऱ्हेच्या पेशी असतात. काही उजेडात काम करतात, काही मंद प्रकाशात. वय झालं की या दुसऱ्या आधी थकतात. पडद्यामागे पिवळे ठिपके साठतात, पेशींचं पोषण अडतं आणि माणसाला उजेडातून अंधारात आल्यावर दिसायला वेळ लागू लागतो. हा वेळ किती लागतो ते आम्ही मोजतो. तळघरातल्या खोलीत माणसाला आधी झगझगीत प्रकाश दाखवायचा, मग दिवे बंद. यंत्रातून प्रकाशाचा अगदी फिका ठिपका उमटतो. दिसला की बटण दाबायचं. मधूनमधून आम्ही काहीच दाखवत नाही, उगाच दाबणारे पकडायला.

आईंच्या पडद्याच्या छायाचित्रांत पिवळे ठिपके इतके आहेत की हिशेबाप्रमाणे त्यांना अंधारात जवळजवळ काहीच दिसू नये. पण दरवर्षी त्या बटण दाबतात आणि तरुण मुलीसारखं दाबतात. काही दाखवलं नाही तेव्हा त्यांनी एकदाही दाबलेलं नाही. ठिपके आले म्हणजे नजर गेलीच असं नाही, काही डोळे त्यातून वाट काढतात, हे माझं म्हणणं. असे डोळे थोडेच सापडले, आणि त्यांत सगळ्यांत भक्कम आईंचे आहेत. माझ्या विरोधात बोलणारे खूप आहेत. आईंची छायाचित्रं आणि आकडे सभागृहातल्या पडद्यावर लावले की ते गप्प होतात.

नियमाप्रमाणे नातेवाइकाची तपासणी दुसऱ्या कुणी करायला हवी. पण आईंना माझ्याखेरीज कुणी चालत नाही. त्या अंधारात बसल्या की फार मोकळ्या बोलतात. इतरांपुढे अवघडतात.

दोन दिवसांसाठी पाठव. मी स्वतः परत आणून सोडीन.

तुझी
वहिनी

---

२० मार्च

वहिनी,

तुझ्या पत्रातलं शास्त्र मला कळलं. कळलं नाही ते शेवटचं. मोकळी बोलते म्हणजे काय बोलते?

माझ्याशी तिचं बोलणं असं: "दूध आलं का?" "पंखा कमी कर." "तुझा आवाज शाळेतल्यासारखा का येतो गं?" एवढ्यात आमचा दिवस उरकतो.

म्हणून काल दुपारी मी एक प्रयोग केला. तुलाच प्रयोग येतात असं नाही. खिडकीवर जाड चादर लावली, दाराच्या फटीत पायपुसणं कोंबलं आणि आईशेजारी पलंगावर जाऊन बसले.

"वीज गेली का?"

"नाही. म्हटलं जरा बोलावं."

"काय झालं? कुणी गेलं का?"

"कुणी गेलं नाही. तू काहीतरी बोल."

"मी काय बोलू? तुला बोलायचंय ना?" मग म्हणाली, "अगं, चादर काढ ती. तोंड तरी दिसू दे तुझं. अशी काय करतेस वेड्यासारखी?"

आणि झोपली. मी पायपुसणं काढून जागेवर ठेवलं.

तुला आठवत नसेल, म्हणून आठवण करून देते. तुला आमच्या घरी मी आणलं. वसतिगृहात तुझं पोट भरत नव्हतं आणि तुला गणित येत नव्हतं, दोन्ही आमच्या घरी दुरुस्त झालं. पदवीला पहिला वर्ग मला होता, तुला दुसरा. पुढे शिकायचं ठरलं तेव्हा घरात एकीचीच फी भरणं शक्य होतं. तोवर तू सून झाली होतीस, आणि सुनेचं शिक्षण अडवलं असं व्हायला नको म्हणाली आई. मी शाळेत लागले. दादा तुझा, आई तुझी, सूक्ष्मदर्शक तुझा. आता अंधारही तुझाच.

मे महिन्यात आई येणार नाही. ऐंशी ओलांडलेल्या बाईला प्रवास झेपत नाही. हे कारण मी परिषदेच्या लोकांसाठी देते आहे. तुझ्यासाठी कारण वेगळं आहे आणि ते तुला कळलं आहे.

नणंद

---

२ एप्रिल

प्रिय भिंगरी,

फीचं मला आठवतं. त्या वर्षी मी तुझ्यासमोर जेवायला बसायचं टाळत होते, हे तुझ्या लक्षात आलं होतं की नाही ते मला माहीत नाही.

आई काय बोलतात ते सांगते. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या तेव्हाच्या गोष्टी. कानावर ते जड यंत्र लावून दिवसभर जोडण्या करायच्या. कोणता अधिकारी बायकोशी कसा बोलायचा आणि दुसरीकडे कसा, हे त्या दोन्ही आवाजांत करून दाखवतात. मला हसू आवरत नाही, मग ठिपका दाखवायला उशीर होतो. तुमच्या वडिलांबद्दल बोलतात. तुझ्या दादाबद्दल मात्र नाही, त्या मला जपतात.

तुझ्याबद्दलही बोलतात. मागच्या वर्षी म्हणाल्या, "भिंगरी काही मागत नाही गं कधी. मग तिला द्यायचं राहूनच जातं."

हे मी तुझा राग शांत करायला लिहीत नाही. तू विचारलंस म्हणून लिहिलं.

मला आकडा हवा आहे, ते मी लपवत नाही. पण एवढंही खरं आहे की वर्षातून एकदा तळघरात जे तासभर बसणं होतं ते नसतं, तर तुझा दादा गेल्यानंतर मी हे काम सोडलं असतं. मेच्या दुसऱ्या आठवड्यात खोली राखून ठेवली आहे. विचार कर.

तुझी
वहिनी

---

१९ एप्रिल

वहिनी,

आई पडली. घाबरू नकोस, डाव्या मनगटाचं हाड थोडं चिरलं आहे, प्लास्टर घातलंय. डोक्याला लागलेलं नाही. जेवते, भांडते, म्हणजे बरी आहे.

भर दुपारी आम्ही दोघी बँकेतून आलो. बाहेर डोळे दिपवणारं ऊन, आमच्या इमारतीचा जिना अंधारा. मी पुढे, ती मागे. दुसऱ्याच पायरीला धप्पकन आवाज.

प्लास्टर घालून आणल्यावर मी विचारलं, "पायरी दिसली नाही का तुला?"

"जिन्यात मला कधी दिसतं? उन्हातून आत आलं की सगळं काळंमिट्ट. जरा उभं राहिलं की हळूहळू उजाडतं. तू कुठे उभं राहू देतेस? सारखी मेली घाई."

मला तुझं पत्र आठवलं. तरुण मुलीसारखं बटण दाबतात म्हणे! मी म्हटलं, "मग वहिनीच्या यंत्रात तुला ठिपका कसा दिसतो?"

आई माझ्याकडे बघून हसली. खोडी पकडल्यावर आमच्या शाळेतल्या मुली हसायच्या ना, तशी.

"यंत्रात दिसतं कुठे? ऐकू येतं."

"काय ऐकू येतं?"

"टिक्. ठिपका यायच्या आधी आत काहीतरी सरकतं. एवढंसं. मी इतकी वर्षं एक्स्चेंजात काढली, मला ऐकू येणार नाही? टिक् झालं की थोडं थांबायचं आणि दाबायचं. काही दाखवत नाही तेव्हा टिक् होतच नाही. मधूनच एखादं सोडूनही देते. सगळीच बरोबर आली तर तिला संशय येईल."

"आई, पण का?"

"पहिल्या वर्षी मला काही म्हणजे काही दिसेना. दादाला जाऊन दोन-चार महिनेच झालेले. ती पोर त्या काळोखात वाट बघत बसलेली. श्वास ऐकू येत होता तिचा. टिक् झालं आणि मी आपलं दाबलं. 'आई, दिसलं तुम्हाला?' असा खुलला गं तिचा आवाज! कितीतरी दिवसांनी. मग पुढच्या वर्षी कसं म्हणू, की दिसत नाही?"

तर हे असं आहे, वहिनी. तुझे सगळ्यांत भक्कम डोळे म्हणजे कान निघाले.

हे मी तुला का कळवते आहे, तेही सांगते. खरं ते कळायला हवं, शास्त्राची फसवणूक नको, असं लिहिता आलं असतं. शाळेत मी असली भाषणं खूप केली. पण कारण ते नाही. आईचा तुला आता उपयोग उरला नाही. तपासणी नाही म्हणजे तिकडे जायचं कारण नाही. ती इथे राहील. हे पत्र लिहायला बसले तेव्हा मला बरं वाटत होतं. आता लिहून होत आलं तर तितकं वाटत नाही, पण पत्र पाठवायचं थांबावं एवढं वाईटही वाटत नाही.

एकच गोष्ट पुन्हा पुन्हा आठवते आहे. मी सातवीत असताना कवायतीच्या दिवशी मला शाळा बुडवायची होती. आईला म्हटलं, ताप आहे म्हणून सांग. ती बाईंना म्हणाली, "ताप नाही, कंटाळा आलाय तिला." सगळ्या वर्गासमोर. खोटं बोलणं तिला जमत नाही, असंच मी आजवर समजत होते. तुझ्यासाठी मात्र ती दरवर्षी तासभर खोटं बोलत होती, तेही थांबून थांबून, खरं वाटेल असं.

माझ्यासाठी ती एकदाही बोलली नाही.

नणंद

---

१४ मे

प्रिय भिंगरी,

महिना होत आला तरी उत्तर दिलं नाही. कारण खाली कळेल.

तुझं पत्र आल्यावर मी डोळ्यांवर पट्टी बांधून त्या खुर्चीत बसले आणि आमच्या तंत्रज्ञाला यंत्र चालवायला सांगितलं. पहिल्यांदा काहीच ऐकू आलं नाही. मला बरं वाटलं, वाटलं आईंनी तुझी थट्टा केली. तरी उठले नाही. बऱ्याच वेळानं ते ऐकू आलं. एकदा ऐकू आल्यावर मग ऐकू येणं थांबेना. आत एक पत्र्याची झडप आहे. यंत्र मीच बनवून घेतलं होतं, तिच्याखाली कापडाचा तुकडा लावायचं माझ्या मनात कधी आलं नाही.

आता कापड लावलं आहे. जी माणसं पुन्हा येऊ शकली त्यांना बोलावून सगळं नव्यानं मोजलं. बहुतेकांचे आकडे जसेच्या तसे आले. पण 'वाट काढणारे डोळे' म्हणून मी ज्यांच्याकडे बोट दाखवत होते, त्यांतले दोघे गळले. आई वगळल्या आणि हे दोघे गेले की माझं म्हणणं उभं राहत नाही. शोधनिबंध मी परत मागवला. परिषदेतलं भाषण रद्द केलं. माझ्या हाताखालची मुलगी, जिनं या आकड्यांवर तीन वर्षं घालवली, ती माझ्याशी बोलत नाही. तिचं बरोबर आहे. आईंची तपासणी नियमाप्रमाणे दुसऱ्या कुणाला करू दिली असती तर आई पहिल्याच वर्षी "दिसत नाही" म्हणाल्या असत्या.

माझ्या जागी परिषदेत जे बोलणार आहेत, ते वर्षानुवर्षं मला चूक ठरवत आले. चूक मीच होते. त्यांच्या भाषणाची पत्रिका टेबलावर पडली आहे आणि ती बघितली की माझ्या पोटात दुखतं. तुझी पत्रं मी अधूनमधून काढून वाचते. एरवी वाचताना मला तू छळणारी वाटायचीस. आता तुला काय होतं ते नीट कळतं.

एक मागणं आहे. आईंना यातलं काही सांगू नकोस. प्लास्टर निघालं की त्यांना पाठव. यंत्र मी जुन्यासारखं करून ठेवीन, कापड काढून टाकीन. त्या बटण दाबतील, मी "दिसलं तुम्हाला?" विचारीन आणि आकडे नंतर टाकून देईन. त्यांना वाटू दे की मला त्यांचा उपयोग आहे.

आणि तू म्हणतेस की त्या माझ्यासाठी खोटं बोलल्या. असेल. पण मी काळोखात शेजारी बसायचे, तरी मला त्यांनी खरं सांगितलं नाही. तुला सांगितलं, तुझ्या एका प्रश्नावर, हसत हसत. मला ते कधी मिळणार नाही.

तुझी
वहिनी

---

२२ मे

वहिनी,

उशीर झाला. मी आईला सांगितलं.

तुझं पत्र आलं त्याच सकाळी, समोर बसवून, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवलं. तू सांगू नकोस म्हणालीस तेही वाचलं. रागाच्या भरात नाही, पूर्ण शुद्धीवर राहून. ती तुझ्यासाठी खोटं बोलणार, तू तिच्यासाठी खोटं बोलणार, दोघी त्या तळघरात एकमेकींना फसवत सुखात बसणार आणि खरं माहीत असलेली मी इथे पंखा कमी-जास्त करणार. मला ते सहन होईना.

आईनं प्लास्टरवरून हात फिरवला. मग विचारलं, "म्हणजे तिचं भाषण गेलं?"

"हो."

"माझ्यामुळे?"

इथे मला "नाही गं, यंत्रामुळे" असं म्हणता आलं असतं. ते खरंही होतं. मी "हो" म्हटलं.

दुपारी ती जेवली नाही. संध्याकाळी म्हणाली, "बॅग काढ माझी."

मी म्हटलं, "आता कशाला? तपासणी नाही काही नाही. तिला तुझा काही उपयोग नाही आता."

"तपासणी नाही म्हणूनच," ती म्हणाली. "एकटी बसली असेल ती. तुला एवढंही कळत नाही का गं? आणि तू मास्तरीण!"

मी बॅग काढली. कपडे मी भरले, कारण तिला एका हातानं जमत नव्हतं. घड्या घालताना तिनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "तू पण चल."

ती मनापासून म्हणत होती, मला ते कळलं. पण ते तिला माझ्या हातातल्या तिच्या साड्या बघून सुचलं होतं. मी नाही म्हटलं. मागितल्याशिवाय पहिल्यांदाच काही मिळत होतं आणि मला ते घेता आलं नाही, याचा दोष मी कुणालाही देत नाही.

शनिवारच्या सकाळच्या बसनं आई येते आहे. प्लास्टर पुढच्या आठवड्यात काढायचं आहे, सगळे कागद बॅगेच्या वरच्या कप्प्यात आहेत. पांढरी गोळी रिकाम्या पोटी द्यायची नाही, हे तुला माहीत आहेच. न्हाणीघराकडच्या बोळात दिवा लाव आणि तो दिवसाही चालू राहू दे. जाजम काढून टाक. बाहेरून घरात शिरलं की तिला उंबऱ्याशी थांबव. ती थांबणार नाही, दिसतंय असं दाखवत चालू लागेल, तुझ्या घरी इतकी वर्षं ती तसंच करत आली आहे. तुझ्यापुढे आंधळं व्हायची तिला सवय नाही.

माझ्यापुढे झाली होती. पडल्यापासून जिन्याशी आलो की ती काही न बोलता उजवा हात पुढे करायची आणि मी तो धरायचे. वर पोचलो तरी सोडायची नाही, दार उघडेपर्यंत. ओढून घ्यावा लागायचा मला किल्लीसाठी.

तुझ्याकडे ती आपणहून हात पुढे करणार नाही. तू धर.

आणि धरलास की मला कळवू नकोस.

तुझी
भिंगरी